हत्यार की सामान? गाडीच्या डिकीतल्या पिस्तुलाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा हा लिखित अवतार. बोलता बोलता सांगितलेलं आहे, त्यामुळे भाषा थोडी गप्पांची वाटेल, सांभाळून घ्या.

सुरुवात एका हायवेवरून करू. ऑक्टोबर २०१३, अमेरिकेतलं न्यू जर्सी राज्य. पोलिसांनी एक गाडी थांबवली. चालवणारी बाई शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली, फिलाडेल्फियाची. कृष्णवर्णीय, दोन मुलांची एकटी आई. आधीचा एकही गुन्हा नावावर नाही. लुटालुटीचा दोनदा अनुभव आल्यावर तिने पिस्तूल घेतलं होतं आणि ते सोबत बाळगायचा रीतसर परवानाही काढला होता. पोलीस खिडकीशी आला तेव्हा तिने स्वतःहून सांगितलं की गाडीत पिस्तूल आहे, आणि हा माझा परवाना.

परवाना खरा होता. पण तो पेनसिल्व्हेनियाचा. न्यू जर्सी तो मानत नाही. तिला अटक झाली, महिनाभराहून जास्त काळ ती कोठडीत होती, आणि समोर शिक्षा दिसत होती किमान साडेतीन वर्षांची.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्यात एक जुना विनोद आहे. प्रोग्रॅम क्लायंटकडे बंद पडला की डेव्हलपर म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय!" त्या बाईचं नेमकं हेच झालं. पुलाच्या अलीकडे परवाना चालत होता, पलीकडे तोच कागद गुन्ह्याचा पुरावा झाला. अमेरिकेत ड्रायव्हिंग लायसन्स पन्नासही राज्यांत चालतं, पिस्तुलाचा परवाना नाही.

मग प्रश्न असा की गाडीत पिस्तूल आणि काडतुसं घेऊन जायचंच असेल, तर कायदेशीरपणे न्यायचं कसं? हा प्रश्न गाडीपेक्षाही जुना आहे.

१८१३ साली केंटकी राज्याने लपवून पिस्तूल बाळगण्यावर बंदी घातली. पण त्यात एक फट ठेवली: माणूस प्रवासात असेल तर चालेल. कारण उघड आहे. निर्मनुष्य रस्ते, वाटमारी, आणि पोलीस कुठेच नाहीत. १८७१ साली टेक्सासनेही शस्त्रं बाळगण्यावर निर्बंध आणले आणि प्रवाशांना सूट दिली.

आता गंमत बघा. प्रवासी म्हणजे कोण? शेजारच्या गावी बाजाराला गेलेला शेतकरी प्रवासी आहे का? रात्री मुक्काम केला तरच प्रवास म्हणायचा का? टेक्सासची कोर्टं यावर शंभराहून जास्त वर्षं डोकं फोडत राहिली. शेवटी २००७ मध्ये राज्याने हा वादच बाजूला ठेवला आणि काही अटी घालून स्वतःच्या गाडीत पिस्तूल ठेवायला मुभा दिली.

घोडागाडीवाला दिवसभरात फार तर दोन-तीन गावं ओलांडायचा. मोटारवाला नाश्ता एका राज्यात करतो, जेवण दुसऱ्या आणि झोपतो तिसऱ्यात. १९५६ साली आंतरराज्य महामार्गांचा मोठा कायदा झाला आणि हा वेग आणखी वाढला. रस्ते सगळ्या देशाचे झाले, शस्त्रांचे कायदे मात्र ज्या त्या राज्याचेच राहिले.

त्याच १९५६ सालची दुसरी एक गाडी बघू. अलाबामा राज्यातलं मॉन्टगोमेरी शहर. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध बहिष्कार चालू होता. ३० जानेवारीला आंदोलनाच्या नेत्याच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. आत बायको आणि तान्ही मुलगी होती, दोघी वाचल्या. नेत्याचं नाव मार्टिन ल्यूथर किंग, वय २७, म्हणजे माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान. किंग शेरीफच्या कार्यालयात गेले आणि गाडीत पिस्तूल ठेवण्याचा परवाना मागितला. तो नाकारला गेला. पुढे त्यांनी स्वतःच विचार केला की अहिंसेच्या चळवळीचा नेता स्वतःसाठी हत्यार कसं बाळगणार? आणि घरात होतं ते पिस्तूलही त्यांनी काढून टाकलं. हे सगळं किंग यांनी स्वतः लिहून ठेवलंय. पण ज्या माणसाच्या घरावर कालपरवा बॉम्ब पडलाय, त्यालाच परवाना नाही, हे लक्षात असू द्या. कायदा कागदावर काय म्हणतो हा एक भाग झाला. टेबलापलीकडचा साहेब तो कोणासाठी वापरतो हा दुसरा.

आता अकरा वर्षं पुढे, कॅलिफोर्नियातलं ओकलंड. ब्लॅक पँथर पक्षाची तरुण पोरं पोलिसांच्या गाडीमागे स्वतःची गाडी घेऊन फिरायची. पोलीस कुणा कृष्णवर्णीयाला अडवताना दिसले की ही मंडळी खाली उतरून थोड्या अंतरावर उभी राहायची, हातात उघड दिसणाऱ्या बंदुका आणि सोबत कायद्याचं पुस्तक. ह्यूई न्यूटन हा त्यांचा नेता कायदा शिकलेला होता. बंदूक उघड धरली तर त्या वेळी कॅलिफोर्नियात गुन्हा नव्हता. गाडीत काय चालतं आणि गाडीबाहेर काय, हे ही पोरं कलमासकट सांगू शकायची.

मग काय झालं? कायदाच बदलायला घेतला. आमदार डॉन मलफर्ड यांनी सार्वजनिक जागी भरलेली बंदूक बाळगण्यावर बंदीचं विधेयक आणलं. गाडीसुद्धा त्यात आली. २ मे १९६७ रोजी पँथर सदस्य बंदुका घेऊन थेट सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले, देशभर खळबळ उडाली आणि विधेयक आणखी जोरात पुढे सरकलं. जुलैमध्ये गव्हर्नरने सही केली. गव्हर्नर कोण? रोनाल्ड रेगन.

हे नाव ध्यानात ठेवा, कारण एकोणीस वर्षांनी याच हाताची दुसरी सही येणार आहे.

मधल्या काळात १९६८ उजाडलं. एप्रिलमध्ये किंग यांची हत्या, जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची. ऑक्टोबरमध्ये केंद्राचा शस्त्र नियंत्रण कायदा आला. त्याविरुद्ध बंदूकधारकांची नाराजी साचत गेली. तक्रारींपैकी एक अगदी साधी होती: मी शिकारीला किंवा नेमबाजीच्या स्पर्धेला निघालोय, वाटेत कडक कायद्याचं राज्य लागतं, तर मी गुन्हेगार का?

१९ मे १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी बंदूकधारक संरक्षण कायद्यावर सही केली. त्यात प्रवासाचं कलम होतं. सुरुवातीचा मजकूर जरा मोघम होता. मग जुलैमध्ये लगेच दुरुस्ती करून तो घट्ट केला. आमच्या भाषेत, रिलीजनंतर दोन महिन्यांत पॅच आला!

त्याचा सार असा. ज्याला शस्त्र बाळगायला कायद्याने मनाई नाही, असा माणूस वाटेतल्या राज्याचा कायदा काहीही असला तरी शस्त्र घेऊन पुढे जाऊ शकतो. पण निघायच्या ठिकाणी आणि पोचायच्या ठिकाणी, दोन्हीकडे ते बाळगणं त्याच्यासाठी कायदेशीर हवं. शस्त्र रिकामं हवं. आणि शस्त्र किंवा काडतुसं, यातलं काहीच गाडीत बसलेल्याच्या हाताला लागता कामा नये. म्हणजे डिकीत. गाडीला वेगळी डिकीच नसेल, जसं एसयूव्ही किंवा हॅचबॅक, तर कुलूपबंद पेटीत. समोरचा ग्लोव्ह बॉक्स किंवा दोन सीटांमधला कप्पा या कामाला चालत नाही, त्याला कुलूप असलं तरीही.

मला या कलमाचं मर्म एवढंच वाटतं: पिस्तूल हाताशी असेल तर ते हत्यार, कुलपात असेल तर सामान. रस्त्यात भांडण झालं, डोकं फिरलं, तर पिस्तुलापर्यंत पोचायला गाडी थांबवावी लागेल, उतरावं लागेल, कुलूप उघडावं लागेल, गोळ्या भराव्या लागतील. कायद्याने राग आणि हत्यार यांच्यामध्ये ही मिनिटं ठेवलीत. एकमेकांवर विश्वास नसलेल्या राज्यांमधला हा तह आहे.

पण तह प्रत्येक ठिकाणी टिकत नाही. २००५ मध्ये युटा राज्यातला एक प्रवासी विमानाने पेनसिल्व्हेनियाला निघाला होता. पिस्तूल रिकामं, पेटीत, कुलूपबंद. न्यूअर्क विमानतळावर पुढचं विमान चुकलं, मग सामानाचा घोळ झाला, बसही गेली. हा बॅग घेऊन हॉटेलात झोपला. सकाळी विमानतळावर नियमाप्रमाणे स्वतःहून पिस्तुलाची नोंद करायला गेला आणि बेड्या पडल्या. न्यूअर्क न्यू जर्सीत आहे ना! काही दिवस तुरुंगात काढावे लागले. पुढे आरोप मागे घेतले गेले, तेव्हा त्याने दावा लावला. २०१० मध्ये केंद्रीय अपील कोर्टाने दावा फेटाळला. कारण रात्रभर बॅग हॉटेलात त्याच्याजवळ होती, म्हणजे पिस्तूल हाताशी होतं. सामान एका रात्रीत पुन्हा हत्यार झालं.

मग सगळीकडे एकच परवाना का नाही चालवत? तसं विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं, पण सिनेटमध्ये पुढे सरकलं नाही. कडक राज्यांची भीतीही समजण्यासारखी आहे. सगळ्यांचे परवाने मानायचे म्हटलं, तर सगळ्यात ढिल्या राज्याचा नियम आपल्या रस्त्यांवर येणार.

आता त्या फिलाडेल्फियाच्या आईकडे परत येऊ. १९८६ चा कायदा तिच्या कामाचा नव्हता, कारण पिस्तूल भरलेलं होतं. सरकारी वकील सुरुवातीला ऐकायला तयार नव्हते. बराच गदारोळ झाल्यावर २०१४ मध्ये तुरुंगाऐवजी सुधारणा कार्यक्रमाचा मार्ग दिला गेला, आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला पूर्ण माफी दिली. सुटली. पण दीड वर्ष तिने मुलांना काय सांगितलं असेल?

शेवटी, अमेरिकेत असलेल्या किंवा जाणार असलेल्या आपल्या श्रोत्यांसाठी. आपली बरीच मंडळी तिकडे एफ-वन नाहीतर एच-वन-बी व्हिसावर असतात. १९९८ पासून अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, एक काडतूसही बाळगायला मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण ते अपवादच. म्हणजे प्रवासाचं ते कलम आपल्यासाठी बहुतेक वेळा लागूच नाही. रूममेट म्हणाला, "माझी बॅग जरा तुझ्या डिकीत ठेव," तर आधी विचारा, आत काय आहे. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही.

सगळ्या गोष्टीत मला एक गोष्ट टोचत राहते. पँथरच्या पोरांना कायदा तोंडपाठ होता, तर कायदा बदलला. त्या आईला माहीत नव्हता, तर ती आत गेली. किंगनी रीतसर विचारलं, तर नाही म्हणाले. डिकीचं कुलूप प्रत्येकाला सारखंच असतं. पोलिसाने गाडी थांबवल्यावर आत बसलेल्याला "प्रवासी" समजायचं की "संशयित", हे मात्र कुलूप ठरवत नाही.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर गाडी सावकाश चालवा!