श्वानजातींचा स्वधर्म

इंदूरच्या राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचे देवालय आहे. होळकर घराण्याचे हे कुलदैवत. जेजुरीच्या या देवाच्या मूर्तींत आणि देव्हाऱ्यातील टाकांत घोड्याबरोबर पुष्कळदा कुत्राही आढळतो. देवाचे भक्त स्वतःला 'वाघ्या' म्हणवितात आणि पूर्वी काही विधींच्या वेळी ते कुत्र्याप्रमाणे भुंकून लाकडी पात्रातील अन्न ग्रहण करीत. ज्या प्राण्याला समाजाने उंबरठ्याबाहेर ठेवले, त्याला देवाच्या पायाशी जागा मिळावी, याचे प्रथमदर्शनी नवल वाटते. परंतु खंडोबा हा धनगरांचाही देव आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ते नवल उरत नाही. मेंढरांच्या कळपाभोवती ज्यांची रात्र जाते, त्यांना कुत्र्याची किंमत सांगावी लागत नाही.

होळकर घराण्याचे संस्थापक मल्हारराव यांचा जन्म १६९३ सालचा. लहानपणी ते खानदेशात तळोदे येथे मामाकडे वाढले आणि मेंढ्या राखीत असत, असे या घराण्याचा इतिहास सांगतो. अशा कळपाचा राखणदार म्हणजे धनगरी कुत्रा. लांडग्याची चाहूल त्याने धन्याआधी घ्यावी, अनोळखी माणसाचा संशय धरावा, आणि मेंढराच्या अंगाला मात्र दात लावू नये, एवढी त्याच्याकडून अपेक्षा. जो कुत्रा या कसोटीला उतरला त्याचीच अवलाद पुढे राखली गेली. कुत्र्याची जात म्हणजे माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडलेले एक काम होय. देह आणि स्वभाव ही दोन्ही त्या कामामागून येतात, आणि त्यांच्या मागोमाग गरजाही येतात.

दख्खनच्या माळावर दुसरेही एक काम होते, ते शिकारीचे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये 'सारमेयविनोद' म्हणून कुत्र्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. याच भूमीत कारवानी कुत्रा नांदला. अरुंद लांब डोके, खोल छाती, आत गेलेले पोट आणि हरणासारखे पाय, असे त्याचे रूप. तो वासापेक्षा नजरेने शिकार हेरतो आणि उघड्या माळावर सशाच्या मागे सुसाट धावतो. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली आणि इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना त्यांची जोडी भेट दिली. मुधोळचे नाव तेव्हापासून या जातीला चिकटले. हा कुत्रा धन्याशी एकनिष्ठ असतो, पण परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. कठोर शब्दाने तो बुजतो. त्याला रोज मोकळी धाव हवी. साखळीने खांबाला बांधलेला कारवानी कुत्रा कुढतो किंवा चिडतो. हा त्याचा दोष नव्हे.

निष्ठेचे कौतुक मात्र माणसाने मनापासून केले. १९३६ साली रायगडावर शिवसमाधीजवळ वाघ्या कुत्र्याचे शिल्प उभे राहिले; त्यास इंदूरचे तुकोजीराव होळकर यांनी द्रव्यसाहाय्य केले, असे सांगितले जाते. या कुत्र्याच्या कथेला समकालीन आधार नाही, असा अभ्यासकांचा आक्षेप आहे. पुढे ते शिल्प काढून टाकण्यात आले व पुन्हा बसविण्यात आले, आणि २०२५ मध्ये तो वाद पुन्हा उफाळला. त्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. माणसाने कुत्र्याच्या निष्ठेची स्मारके उभारली, पण त्याच्या गरजांची विचारपूस क्वचितच केली, एवढेच त्यावरून दिसते.

युरोपातही जाती कामातूनच घडल्या. जर्मनीत माक्स फॉन श्टेफानिट्झ या घोडदळातील अधिकाऱ्याने १८९९ मध्ये मेंढपाळांच्या कुत्र्यांतून एक जात निश्चित केली. तीच आपल्याकडे 'अल्सेशियन' या नावाने घरोघर माहीत झाली. तिला बुद्धीला काम लागते. रिकामी बसविली तर ती स्वतःच काम शोधून काढते आणि मग घरातील चपला वा येणारेजाणारे त्या कामाचे धनी होतात. आल्प्स पर्वतातील सेंट बर्नार्ड खिंडीत ख्रिस्ती मठवासीयांनी पाळलेले थोराड, केसाळ कुत्रे बर्फात सापडलेल्या वाटसरूंचा शोध घेत. त्यांपैकी १८०० ते १८१४ या काळात हयात असलेल्या बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीसजणांचे प्राण वाचविल्याची ख्याती आहे. सायबेरियातील चुक्ची लोकांचा हस्की बर्फावरून गाडी ओढण्यासाठी जन्मला. लॅब्रॅडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंड पाण्यात उतरत. त्यामुळे त्याचे खाणे दांडगे, आणि श्रमाशिवाय ते अंगावर चढते.

आता हेच कुत्रे माळव्यात येतात तेव्हा काय घडते? माळव्याच्या रात्री शीतल म्हणून प्रसिद्ध असल्या, तरी वैशाखात इंदूरचा पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. माणसासारखा सर्वांगाला घाम कुत्र्याला येत नाही. पंजांना थोडासा येतो, बाकीची उष्णता तो धापा टाकून बाहेर सोडतो. दुहेरी केसांचा हस्की किंवा आखूड नाकाचा पग भर दुपारी तापलेल्या डांबरावर चालविणे म्हणजे त्याच्या प्राणाशी खेळणे होय. तेव्हा पिल्लू निवडताना त्याच्या रूपाआधी त्याच्या पूर्वजांचा व्यवसाय पाहावा. घरात धावण्यास जागा आहे काय, दिवसभर त्याच्यापाशी कोणी असणार आहे काय, हे आधी स्वतःला विचारावे. जात म्हणजे विधिलिखित मात्र नव्हे. एकाच वेतातील दोन पिल्ले स्वभावाने भिन्न निघतात, आणि लहानपणी माणसांत वावरलेले पिल्लू पुढे सहसा निर्भय व शांत होते.

राहिला गावठी कुत्रा. त्याला लोक संकरित आणि म्हणून हलका समजतात. वस्तुतः हा भारताच्या हवेत हजारो वर्षे मुरलेला जुना वंश आहे. आखूड केस, काटक देह, थोडक्यात निभावणारी भूक आणि आपल्या आळीविषयीची तीव्र मालकी हे त्याचे गुण. वस्तीची राखण हे त्याचे काम, उकिरडा हे त्याचे अन्नछत्र. २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इंदूर वर्षामागून वर्ष पहिले आले. उकिरडे गेले, हे उत्तमच झाले. परंतु त्यांवर जगणाऱ्या प्राण्याचे पुढे काय, हा प्रश्न त्याबरोबरच उभा राहिला. उपाशी आणि हुसकावलेला कुत्रा चावरा होतो, आणि त्याची किंमत बहुधा रस्त्यावर खेळणारे मूल मोजते. २०२३ च्या नियमांनी निर्बीजीकरण आणि रेबीजची लस देऊन कुत्र्याला त्याच्याच ठिकाणी सोडण्याचा मार्ग सांगितला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पिसाळलेले व आक्रमक कुत्रे वगळून तोच मार्ग मान्य केला आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमण्यास सांगितले. मुलाचे रक्षण आणि कुत्र्यावरील दया यांत विरोध आहे, असे मानण्याचे कारण नाही. लस टोचलेला, पोट भरलेला कुत्रा दोहोंचीही सोय पाहतो.

मेंढरे राखणाऱ्या धनगराने कुत्र्याला आधी काम दिले, मग भाकरीतला वाटा दिला. त्या दोघांचा करार सरळ होता. आजच्या नगरवासीयाने कुत्र्याचे काम काढून घेतले आहे. म्हणूनच त्याच्या वाट्याची धाव, सावली, पाणी आणि सोबत देण्याचे ऋण आता त्याच्यावर अधिक आहे. कुत्रा आपल्या बाजूने करार मोडीत नाही. तो दाराशी बसून वाट पाहतो.