हवाई छत्रीची उडी : एक छंद आणि त्याची महाराष्ट्रातील वाटचाल

विमानातून अथवा हेलिकॉप्टरमधून उडी घेऊन, काही काळ मुक्त पतनाचा अनुभव घेत, योग्य उंचीवर हवाई छत्री उघडून पूर्वनियोजित जागी उतरण्याचा क्रीडाप्रकार. ‘स्कायडायव्हिंग’ हीच संज्ञा मराठीतही रूढ झाली आहे. या छंदाला विमान, छत्री आणि उतरण्यास योग्य अशी जमीन या तीन गोष्टी लागतात. बघणाऱ्याचे लक्ष विमानाकडे आणि उडी घेणाऱ्याच्या धाडसाकडे जाते. तथापि उडी सुखरूप पार पडेल की नाही, हे बहुतांशी छत्रीची घडी घालणारा हात आणि खालची जमीन या दोहोंवर ठरते. महाराष्ट्रात धाडसी माणसांची वाण कधीच नव्हती. नागरी हौशी मंडळींना जमीन आणि छत्री मात्र फार उशिरा व फार तुटपुंज्या प्रमाणात मिळाली. या छंदाची येथील वाटचाल समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

इतिहास : आकाशातून छत्रीच्या आधारे उतरण्याची कल्पना लिओनार्दो दा व्हींची याच्या पंधराव्या शतकातील रेखाटनात आढळते. प्रत्यक्ष उडीचा मान मात्र आंद्रे-झाक गार्नरँ या फ्रेंच बलूनवीराकडे जातो. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी तो पॅरिस येथे बलूनमधून सु. १,००० मी. उंचीवर गेला आणि दोरी कापून कापडी छत्रीसह खाली आला. छत्रीतली कोंडलेली हवा बाहेर पडण्यास वाट नसल्याने ती लंबकाप्रमाणे हेलकावे खात होती. पुढे छत्रीच्या माथ्याशी भोक ठेवल्याने हा दोष बराच कमी झाला. योगायोग असा, की याच १७९७ मध्ये मुंबई इलाख्याच्या सैन्यात एक पलटण उभी राहिली. तिनेच पुढे दीडशे वर्षांनी हवाई छत्री स्वीकारली. तिचा उल्लेख खाली येईल.

भारतात हा खेळ प्रथम तमाशाच्या रूपाने आला. १८८९ साली पर्सिव्हल स्पेन्सर या इंग्रज बलूनवीराने कलकत्त्यात प्रयोग केले. रामचंद्र चटर्जी हे कसरतपटू त्याच्याकडून ही विद्या शिकले आणि २२ मार्च १८९० रोजी त्यांनी कलकत्त्यातील टिव्होली बागेतून बलूनने वर जाऊन छत्रीने यशस्वी अवतरण केले. छत्रीने उतरणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्या काळी उतरण्याची जागा निवडणे हा प्रकारच नव्हता. वारा नेईल तिकडे जायचे. त्याची किंमत दोन वर्षांनी दिसून आली. १६ मार्च १८९२ रोजी ढाका येथे नबाबाच्या वाड्यापुढे झालेल्या प्रयोगात जॅनेट व्हॅन टॅसेल ही स्त्री झाडात अडकली आणि तिला खाली उतरविण्याच्या खटपटीत ती जबर जखमी होऊन मरण पावली.

अंगावर बांधलेली व उडी घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने दोरी ओढून उघडलेली छत्री लेस्ली अर्व्हिन याने २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेतील डेटन येथे यशस्वीपणे वापरून दाखविली. हवेत मोकळे पडताना माणूस शुद्ध हरपतो, हा तोवरचा समज त्या उडीने खोटा ठरविला. मुक्त पतनाच्या क्रीडेचा पाया येथे घातला गेला, असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धात भारतामध्ये ऑक्टोबर १९४१ मध्ये पन्नासावी छत्रीधारी ब्रिगेड उभारण्यात आली. तिचे प्रशिक्षण केंद्र प्रथम दिल्लीस होते, नंतर ते रावळपिंडीजवळील चकलाला येथे गेले आणि फाळणीनंतर आग्रा हेच छत्रीधारी सैनिकांच्या शिक्षणाचे माहेरघर बनले. मराठी माणसाचा या विद्येशी संबंध जुळला तो याच मार्गाने. १७९७ मध्ये उभी राहिलेली मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण छत्रीधारी बनली आणि १९५२ मध्ये स्वतंत्र पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली, तेव्हा ती ‘दुसरी पॅरा (मराठा)’ या नावाने तीत समाविष्ट झाली. कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी, बेळगाव या भागांतील शेतकरी कुटुंबांतील जी मुले पिढ्यान्‌पिढ्या मराठा पलटणींत भरती होत आली, त्यांच्यापैकीच काहींनी या पलटणीत विमानाच्या दारातून बाहेर पाऊल टाकले.

११ डिसेंबर १९७१ रोजी या पलटणीने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात टांगाइलजवळ सामूहिक उडी घेतली. उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या शत्रूची वाट पुंगली येथील पुलाजवळ अडविणे, हा तिचा हेतू होता. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील एक तपशील लक्षणीय आहे. उडीपूर्वी एक भारतीय अधिकारी गुप्तपणे त्या मुलखात शिरला आणि स्थानिक मुक्तिवाहिनीच्या मदतीने त्याने उतरण्याची जागा हेरून ठेवली. असे असूनही माणसे व साहित्य बऱ्याच पसरट भागावर विखुरली गेली. पूल त्याच दिवशी हाती आला आणि १६ डिसेंबरला ढाक्यात प्रथम शिरलेल्या भारतीय तुकड्यांत ही पलटण होती.

युद्धोत्तर काळात अमेरिका व यूरोप येथे सैन्याकडील जादा छत्र्या आणि ओस पडलेल्या धावपट्ट्या नागरिकांच्या हाती आल्या. त्यांतून हौशी मंडळे निघाली व १९५१ मध्ये यूगोस्लाव्हियातील ब्लेड येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. भारतात असे घडले नाही. छत्र्या, विमाने आणि शिक्षक हे तिन्ही सैन्यदलांतच राहिले. उड्डाण मंडळांनी वैमानिक घडविले, उडी घेणारे नव्हे. परिणामी येथील बहुतेक टप्पे गणवेशातील व्यक्तींनीच गाठले. उदा., हवाई दलाच्या वैद्यकीय अधिकारी गीता चंदा यांनी १७ जुलै १९५९ रोजी आग्रा येथे घेतलेली उडी भारतीय स्त्रीची पहिली उडी मानली जाते. हवाई दलाचे ‘आकाशगंगा’ हे प्रात्यक्षिक पथकही १९८७ मध्ये आग्रा येथेच स्थापन झाले. सामान्य नागरिकाला या खेळाचे दर्शन झाले, ते मुख्यतः मैदानाच्या कडेला उभे राहूनच. याला रेचेल टॉमस यांच्यासारखे तुरळक अपवाद आढळतात. त्या १९७९ पासून या क्षेत्रात होत्या आणि २००२ मध्ये त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी घेतली.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पुण्याच्या शीतल महाजन (जन्म १९८२) यांचे आहे. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर रशियन हेलिकॉप्टरमधून सु. २,४०० फुटांवरून उडी घेतली. तापमान उणे ३७° से. होते आणि ही त्यांच्या आयुष्यातील पहिलीच उडी होती. या पराक्रमाचे कौतुक झाले ते योग्यच. परंतु सरावाच्या दहा-वीस उड्या घरच्या मैदानावर घेऊन मग ध्रुवाकडे जावे, अशी सोय त्या काळी पुण्यातील नागरी मुलीला नव्हती, ही त्याच घटनेची दुसरी बाजू होय. १५ डिसेंबर २००६ रोजी त्यांनी अंटार्क्टिकावर ११,६०० फुटांवरून मुक्त पतन केले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी थायलंडमधील पट्टाया येथे नऊवारी साडी नेसून उडी घेतली. सैल कापड फडफडून छत्रीच्या मुठी झाकण्याचा अथवा दोऱ्यांत अडकण्याचा धोका लक्षात घेता ही उडी केवळ हौसेची समजता येणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्ट शिखरासमोर त्यांनी २१,५०० फुटांवरून उडी घेतली.

नवशिक्यांच्या वाटा : पूर्वी पहिली उडी स्थिर दोरीने देत. दोरीचे एक टोक विमानात बांधलेले असल्याने छत्री आपोआप उघडते. १९८० नंतर दोन शिक्षकांनी दोन्ही बाजूंनी धरून मुक्त पतन शिकविण्याची आणि शिक्षकाच्या अंगाला बांधून घेऊन जोडीने उडी मारण्याची अशा दोन पद्धती अमेरिकेत पुढे आल्या. जोड-उडीमुळे हा छंद पर्यटकाच्याही आवाक्यात आला. महाराष्ट्रात लोणावळ्यापलीकडील अँबी व्हॅलीची धावपट्टी व धुळ्याचा विमानतळ येथे काही मोसमांत अशी शिबिरे भरली. हरियाणात नारनौलजवळील बाछोद धावपट्टीवर ही सोय अधिक नियमितपणे उपलब्ध झाली. केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केले, त्यात या क्रीडेचाही अंतर्भाव आहे.

उतरणभूमीची निवड : उतरण्याच्या जागेस खेळाडू ‘ड्रॉप झोन’ म्हणतात. अमेरिकन संघटनेच्या नियमाप्रमाणे नवशिक्यासाठी लक्ष्यबिंदूपासून सर्व बाजूंनी सु. १०० मी.पर्यंत आणि जोड-उडीसाठी सु. ५० मी.पर्यंत धोकादायक अडथळा नसावा. एवढे मोकळे रान दख्खनच्या पठारावर पुष्कळ आहे, असे वरून वाटते. वाशीम जिल्ह्यातील (रिसोड तालुका) केनवडसारख्या गावाचे शिवार हे त्याचे चांगले उदाहरण ठरेल. सोयाबीन निघाल्यावर सपाट दिसणाऱ्या अशा रानात बिनकठड्याच्या विहिरी, बांधावरच्या बाभळी आणि कृषिपंपांच्या विजेच्या तारा असतात. बारीक तारा तर उंचावरून दिसतच नाहीत. खांबांच्या ओळीवरून त्या ओळखाव्या लागतात. तूर कापल्यावर राहिलेली धसकटे पायाला तर लागतातच, पण छत्रीचे पातळ नायलॉनही फाडतात. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगांत पाय मुरगळण्याचा संभव असतो. म्हणूनच धावपट्टीलगतचे गवती मैदान नेहमी अधिक पसंत केले जाते.

ऋतूचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात ढग व वारा यांमुळे उड्या बंद ठेवाव्या लागतात. चैत्र-वैशाखात दुपारी तापलेल्या जमिनीवरून वावटळी उठतात. वावटळीत सापडलेली छत्री जमिनीपासून दहा-पंधरा मीटरांवर मिटू शकते, आणि तेवढ्या उंचीवर दुसरी छत्री उघडण्यास अवधी नसतो. नवशिक्याला वाऱ्याचा वेग ताशी २२ किमी.च्या वर असताना सोडत नाहीत. हिवाळ्यातील सकाळ ही महाराष्ट्रात सर्वांत भरवशाची वेळ होय. वारा अजमावण्यासाठी पूर्वी विमानातून कागदाची वजन बांधलेली लांब पट्टी टाकीत. ती लक्ष्यापासून जितकी दूर वाहत जाई, तितके अंतर वाऱ्याच्या उलट दिशेस राखून उडी घेत.

पठारावरील आणखी एक बाब नवख्याच्या लक्षात येत नाही. मनगटावरचा उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो. वाशीम शहर समुद्रसपाटीपासून सु. ५५० मी. उंच आहे. उंचीमापक समुद्रसपाटीला शून्य धरून लावला असेल, तर येथे तो जमिनीपासूनच्या खऱ्या उंचीपेक्षा सु. ५५० मी. जास्त दाखवील. छत्री उघडण्याची नेहमीची उंची सु. १,००० मी. आणि पडण्याचा वेग ताशी सु. १९० किमी. असताना ही चूक म्हणजे हाती असलेल्या वेळातले दहा सेकंद गमावणे होय. याकरिता उड्डाणापूर्वी उतरणभूमीवरच उंचीमापक शून्यावर आणतात.

छत्रीची हाताळणी : आरंभीच्या रेशमी छत्र्यांची जागा दुसऱ्या महायुद्धात नायलॉनने घेतली. गोल छत्री वाऱ्याबरोबर वाहत जाते. हवा भरून पंखाचा आकार घेणारी, कप्प्याकप्प्यांची आयताकृती छत्री डॉमिना जॅल्बर्ट याने १९६० नंतर तयार केली, तेव्हापासून खेळाडू दोन मुठींच्या साह्याने छत्री वळवून हव्या त्या जागी उतरू लागला. उतरणभूमी ‘निवडणे’ याला खरा अर्थ आला तो या छत्रीमुळे.

सैन्यात सामान्यतः घडी घालणारा वेगळा आणि उडी घेणारा वेगळा असतो. छंदात मुख्य छत्रीची घडी बहुधा उडी घेणाराच घालतो, म्हणून ती शिकल्याविना शिक्षण पुरे होत नाही. सावलीत ताडपत्री अंथरून त्यावर दोऱ्या क्रमाने सरळ करतात, कप्पे एकावर एक जुळवतात, छत्री झटक्याने उघडू नये म्हणून ‘स्लायडर’ नावाचा चौकोनी तुकडा दोऱ्यांवरून पार वर सरकवितात, हवा दाबून काढीत कापडाच्या नागमोडी घड्या करतात आणि दोऱ्या रबरी वेढ्यांत अडकवून सर्व पिशवीत बसवितात. उन्हात पडून राहिल्यास नायलॉन कमजोर होते. ओल राहिल्यास बुरशी धरते. आपल्याकडील माळरानावर कुसळांचा उपद्रव मोठा आहे. कापडात रुतलेली कुसळे घडीपूर्वी एकेक करून वेचावी लागतात आणि हे काम अर्धा-अर्धा तास चालते. घाईच्या शिबिरात नेमकी याच कामाला चाट मिळते.

मुख्य छत्री बिघडल्यास ती एका मुठीने सोडून देऊन दुसरीने राखीव छत्री उघडतात. मुख्य छत्री तत्काळ सुटावी म्हणून वापरली जाणारी तीन कड्यांची रचना अमेरिकेतील बिल बूथ याने १९७० नंतरच्या दशकात पुढे आणली. उडी घेणारा बेशुद्ध झाला वा गोंधळला, तर जमिनीपासून सु. २२५ मी.वर राखीव छत्री आपोआप सोडणारी इलेक्ट्रॉनिक साधने १९९१ पासून प्रचारात आली. राखीव छत्रीची घडी मात्र खेळाडूने स्वतः घालावयाची नसते. हे काम प्रमाणित जाणकाराचे असून अमेरिकेत दर १८० दिवसांनी ती उघडून, तपासून पुन्हा घालावी लागते. घडीनंतर तो जाणकार पिनेला लाल दोरा गुंडाळून त्यावर शिशाची मोहोर लावतो आणि तारखेसह सही केलेले पत्रक छत्रीसोबत ठेवतो. मोहोर तुटलेली अथवा तारीख उलटलेली आढळल्यास त्या छत्रीने कोणासही विमानात चढू देत नाहीत.