फरशीच्या सांध्याचा प्रवास

दोन फरशांमधली दर्ज भरायची आणि भरलेला माल पाण्यापासून राखायचा, या दोन कामांचा उगम शोधताना आपण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या रोमपर्यंत मागे जातो. व्हिट्रुव्हियस या वास्तुविशारदाने आपल्या ग्रंथाच्या सातव्या खंडात उघड्यावरच्या फरशीची रीत लिहून ठेवली आहे. टाइलच्या कडांना बोटभर खोल चर पाडावेत, त्यांत तेलात मळलेला चुना भरावा आणि कडा एकमेकींवर घट्ट दाबाव्यात. शिवाय कडाक्याच्या थंडीने सांधे फुटू नयेत म्हणून दरवर्षी हिवाळ्याआधी त्यांत तेलाचा गाळ मुरवावा. दर्ज भरणारे आजचे ग्राउट आणि त्याला पाण्यापासून राखणारा आजचा सीलर, दोघांचेही पूर्वज आपल्याला इथे भेटतात.

तिथून आपण एकोणिसाव्या शतकातल्या सिंगापुरात येऊ. 1825 पासून इथे हिंदुस्थानी कैदी आणले गेले. त्यांत मुंबई इलाख्यातलेही होते. इथल्या तांजोंग पगार भागापासून जवळच उभ्या असलेल्या, 1862 साली अर्पण झालेल्या सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलला त्यांनीच ‘मद्रास चुनम’चा गिलावा केला. शिंपल्यांच्या चुन्यात अंड्याचा पांढरा बलक आणि जाडी साखर मिसळून, नारळाच्या सोडणांचे पाणी घालून तो माल तयार होई. मग गुळगुळीत दगडाने घासून, शंखजिऱ्याची पूड लावून त्याला झिलई आणत. महाराष्ट्रातल्या गवंड्यांनी चुन्यात गूळ आणि हिरडा घातला, तोही माल पाण्यापासून राखण्याच्या हेतूने. भिंत असो वा जमीन, रंध्रे बुजवणे हा गवंडीकामाचाच शेवटचा हात होता.

ही साखळी तुटली ती सिमेंटमुळे. 1824 साली जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले आणि 1840 साली रिचर्ड प्रॉसरने कोरडी माती दाबून वस्तू घडवण्याचे. मिंटनच्या कारखान्याने ती रीत टाइलसाठी वापरली आणि एकसारख्या टाइल ढिगाने निघू लागल्या. 1864 साली तांजोंग पगार डॉक कंपनी स्थापन झाली, परिसर गजबजला, आणि पुढे इथल्या दुकानघरांच्या पाचफुटी पडव्यांत इंग्लंडच्या व नंतर जपानच्या रंगीत टाइल दिसू लागल्या. सिमेंट लवकर आवळते, पण त्यातले जादा पाणी उडून जाताना केसासारख्या नळ्या मागे राहतात. त्या नळ्यांतून ओल, साबण आणि मळ आत शिरतो. सिंगापूरच्या दमट हवेत मग बुरशीला वेळ लागत नाही.

विसाव्या शतकाने यावर रसायनांचा उपाय काढला. 1956 साली हेन्री रॉथबर्गने अमेरिकेत लॅटिक्रीट कंपनी काढून सिमेंटला लॅटेक्सची जोड दिली. पुढे इपॉक्सी ग्राउट आले, ज्याला सीलर लागतच नाही. सिमेंटी ग्राउटसाठी सिलेन-सिलोक्सेनचे सीलर आले. ते रंध्रांच्या भिंतींना पाणी झटकायला लावतात, पण वाफ बाहेर जाऊ देतात.

आज आपण तांजोंग पगारच्या पिनॅकल ॲट डक्सटनमध्ये, सिंगापूरच्या गृहनिर्माण मंडळाच्या, 2009 साली पूर्ण झालेल्या 1848 घरांच्या वसाहतीत येऊन पोहोचतो. या मंडळाच्या नव्या घरांत न्हाणीघराच्या टाइल पहिली तीन वर्षे उखडता येत नाहीत, कारण पाणी अडवणारा थर त्यांच्या खाली असतो. तो थर गवंड्याचा. वरचा सांधा मात्र घरच्यांनी सांभाळायचा. व्हिनेगर किंवा ॲसिड वापरू नये, कारण ते सिमेंटच खाते. सौम्य साबणाने धुवावे, पूर्ण सुकू द्यावे, सांध्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो मुरला तर सीलर पुन्हा लावावा. जी राखण एके काळी कारागिराच्या हातात होती, ती आता आपल्याकडे आली आहे आणि ती नेमाने करण्यातच फरशीचे आयुष्य आहे.