वाईरकरांचा सुपंडी

बँकेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाला जगात दोनच गोष्टी दिसतात : रक्कम आणि सही. समोर कितीही देखणे निसर्गचित्र ठेवा, आमची नजर आधी खालच्या उजव्या कोपऱ्यात जाते. लग्न ठरताना मुलीचा फोटो मी उलटून मागची बाजूही पाहिली, असे आमची सौ. अजून सांगते. मागची बाजू कोरी होती. तरी मी फोटो पास केला.

असा मी सहीचा माणूस. आणि ज्याने मला आयुष्यात सर्वांत जास्त हसवले, त्याचे नाव मला तिशी गाठेपर्यंत ठाऊक नव्हते! नाव राम वाईरकर. आमच्या किल्लारीत हे नाव घेतले तर लोक विचारतील, ‘कोणत्या खात्यात असतात साहेब?’ पण ‘सुपंडी’ म्हणा, इंग्रजी शाळेत जाणारे पोर लगेच दात काढते.

इतिहास थोडक्यात सांगतो. कॉमर्सच्या माणसाला तो थोडक्यातच येतो. अनंत पै नावाचे गृहस्थ, शिक्षणाने केमिकल इंजिनिअर, १९६७ साली दिल्लीत टीव्हीवर प्रश्नमंजूषा बघत होते. मुलांना ग्रीक देवांची माहिती होती, पण रामाच्या आईचे नाव काही येईना. पै अस्वस्थ झाले. आपण अशा वेळी ‘आजकालची पोरं!’ म्हणून चहा मागवतो. पैंनी ‘अमर चित्रकथा’ काढली. पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. अकरावा कृष्णाचा, आणि त्याची चित्रे वाईरकरांची. म्हणजे भारतीय कथांचा श्रीगणेशा, तोही कृष्णाच्या रूपाने, ह्या माणसाच्या हातून झाला. देव काढणे जोखमीचे काम असते. माणूस बिघडला तर एकटा तो रागावतो, देव बिघडला तर भक्तमंडळी येतात. वाईरकरांचा कृष्ण लोकांनी डोक्यावर घेतला.

पुढे नोव्हेंबर १९८० मध्ये पैंनी मुलांसाठी ‘टिंकल’ सुरू केले. १९८३ साली तमिळ मुलखातल्या एका खुळ्या नोकराच्या लोककथा त्रिचीच्या एका वाचकाने त्यांच्याकडे पाठवल्या. ह्या नोकराला चेहरा दिला वाईरकरांनी. तोच सुपंडी. त्याच अंकांतला शिकारी शंभू, डोळ्यांवर टोपी ओढून अपघातानेच शूर ठरणारा, वसंत हळबे यांनी काढलेला. कालिया कावळा प्रदीप साठे यांचा. बघा म्हणजे, मासिक इंग्रजी, गोष्ट तमिळ आणि हात आमचे मराठी. पण गोष्ट कुणाची हे पोरे विचारतात, रेघ कुणाची हे कोण विचारतो? नाव असायचे, पण बारीक अक्षरांत. बारीक अक्षरे कुणी वाचत नाही, ह्या एकाच तत्त्वावर तर आमचे कर्जखाते चालते.

सुपंडीचा गुन्हा काय? मालक सांगेल ते तो शब्दशः करतो. आमच्या नोकरीत ह्याला नियमाप्रमाणे काम करणे म्हणतात आणि त्याबद्दल बढती मिळते. सुपंडीला मात्र बहुधा हाकलून देतात. पुढच्या गोष्टीत तो नव्या मालकाकडे हजर! किडकिडीत अंग, जगात दुसऱ्या कुणाचे नसेल असे डोके आणि चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचा आनंद. माझ्या मते वाईरकरांची खरी कमाल मालकाच्या तोंडात आहे. कपाळावर हात मारणारा मालक रेखाटावा तो त्यांनीच. आमच्या प्रत्येक शाखाधिकाऱ्याला मी त्या तोंडावरून ओळखतो.

ही रेघ न वाचता वाचता येते, ह्याचा पुरावा माझ्याकडे आहे. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून गाव झोपले होते, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटे कमी. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही वाचलेले पत्र्याच्या शेडमध्ये आलो. मी तेव्हा बारा वर्षांचा. देशभरातून मदत यायची. देणाऱ्यांचे मन मोठे होते, पण गाठोड्यात काय निघेल त्याचा नेम नसे : लोकरीचे कोट, एकाच पायाचा बूट, तीन टाय. त्यातला एक टाय आमच्या शेळीच्या गळ्यात गेला. तिला शोभतही होता. अशाच एका गाठोड्यात कव्हर गेलेला टिंकलचा अंक निघाला. माझे इंग्रजी तेव्हा मांजर आणि उंदराच्या पुढे सरकले नव्हते. मी नुसती चित्रे बघत गेलो आणि एकदम मोठ्याने हसलो.

हसलो आणि घाबरलो. आमच्या शेडच्या रांगेत त्या दिवसांत कुणी हसत नसे. माझा धाकटा काका गेला होता आणि आजी तीन आठवडे कुणाशी धड बोलली नव्हती. तीच म्हणाली, “काय हासायलास रं?”

मी अंक तिच्या हातात दिला. आजी अंगठेबहाद्दर. तिने आधी तो उलटा धरला, मी सुलटा करून दिला. मग एकेका चौकटीवर बोट ठेवत ती शेवटपर्यंत गेली. गोष्ट तिला बरोबर कळली! म्हणाली, “ह्यो तर आपल्या अंकुशावानी हाय की!” अंकुश म्हणजे तोच काका. त्याला ‘बैल सोड’ म्हटले तर तो बैल सोडून घरी येई. बैल कुठे गेला हे त्याला सांगितलेले नसे. आजी हसली. मग पदर तोंडाला लावून बसली. मी पान उलटायला गेलो तर म्हणाली, “थांब की. मागलं बघू दे.”

तो अंक पुढे शेडमधल्या गळतीत गेला. तिशीत लातूरला जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर दुसरा एक हाती लागला. तोवर सही तपासायची सवय जडली होती, म्हणून बारीक अक्षरे वाचली आणि वाईरकर सापडले. पत्र लिहावे म्हटले. मसुदाही केला, ‘आपले दिनांक अमुकचे’ अशी सुरुवात आपोआप झाली, ती खोडली. मग चौकशीअंती कळले की वाईरकर २००३ सालीच गेले.

सुपंडी मात्र चालूच राहिला, कारण वाईरकरांच्या पाठीमागे त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर तो काढू लागल्या. आमच्याकडे खातेदार गेला की वारसाला शिल्लक मिळते, हात मिळत नाही. मी बापलेकींचे सुपंडी शेजारी ठेवले आणि नमुना सही ताडतात तसे भिंगातून तपासले. उन्नीसबीस फरक निघाला. पण चेक मी पास केला असता.