वृक्षपरागांचे वातप्रसारण व हवामान

वृक्षांच्या फुलांतील परागकोश फुटून परागकण हवेत सुटणे आणि वाऱ्याबरोबर दूरवर पसरणे, यास वृक्षपरागांचे वातप्रसारण म्हणतात. ज्या वृक्षांचे परागण वाऱ्यामार्फत होते त्यांची फुले बहुधा लहान, रंगहीन व गंधहीन असतात; मात्र त्यांत परागकण विपुल निर्माण होतात. हे कण साधारणतः २० ते ६० मायक्रॉन व्यासाचे, हलके व कोरडे असतात. ते केव्हा सुटतील व किती दूर जातील हे मुख्यतः हवामानावर ठरते. हा संबंध शास्त्रज्ञांना कसा उमगत गेला आणि महाराष्ट्रात त्याचा अभ्यास कोठवर आला आहे, याचा आढावा येथे घेतला आहे.

पूर्वपीठिका : वनस्पतींमध्ये लिंगभेद असतो हे रूडोल्फ कामेरारिउस यांनी १६९४ मध्ये प्रयोगाने दाखविले. क्रिस्टिआन श्प्रेंगेल यांनी १७९३ मध्ये कीटकपरागित व वायुपरागित फुलांतील भेद स्पष्ट केला. त्यापूर्वी यूरोपात पाइन वृक्षांचे पिवळे पराग पावसाबरोबर जमिनीवर पडले की लोक त्यास गंधकाचा पाऊस समजत. जॉन बॉस्टॉक यांनी १८१९ मध्ये उन्हाळी पडशाचे वर्णन केले. परंतु त्याचे कारण त्यांना उलगडले नव्हते.

हे कारण मँचेस्टर येथील वैद्य चार्ल्स हॅरिसन ब्लॅक्ली यांनी शोधून काढले. ते स्वतः या विकाराने पीडित होते. चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या उघड्यावर ठेवून त्यांनी दररोज परागकण मोजले आणि आपल्या त्रासाची तीव्रता त्या संख्येशी ताडून पाहिली. पतंगाला काचपट्ट्या बांधून त्यांनी उंचावरील हवाही तपासली. तेथे जमिनीलगतच्या हवेपेक्षा अधिक पराग सापडले. पावसात परागसंख्या घटते हेही त्यांच्या नोंदींवरून दिसले. त्यांचा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना मिळालेले पराग मुख्यतः गवतांचे असले, तरी मोजणीची ही रीत वृक्षपरागांनाही तशीच लागू पडली. त्याच वर्षी डेव्हिड डग्लस कनिंगहॅम यांचे कलकत्त्याच्या हवेच्या सूक्ष्मदर्शकीय परीक्षणावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. हवेतील निर्जीव धुळीचे प्रमाण आर्द्रता व वाऱ्याचा वेग यांवर अवलंबून असते, असे त्यांनी नमूद केले. म्हणजे या विद्येचा आरंभ इंग्लंडमध्ये व भारतात जवळजवळ एकाच वेळी झाला.

उपकरणांचा विकास : विसाव्या शतकात या अभ्यासाला वेग आला. फ्रेड मायर यांच्या योजनेनुसार चार्ल्स लिंडबर्ग यांनी १९३३ मध्ये विमानातून उत्तर अटलांटिकवरील हवेचे नमुने गोळा केले. गुन्नार एर्टमन यांनी अटलांटिक महासागरावर जहाजातून मिळविलेल्या परागांची नोंद १९३७ मध्ये प्रसिद्ध केली. वृक्षांचे पराग भर समुद्रातही पोहोचतात हे अशा नोंदींनी सिद्ध झाले. ओ. सी. ड्यूरॅम यांचे १९४६ चे उपकरण गुरुत्वाकर्षणाने पडणारे कण काचपट्टीवर घेई. त्यामुळे हवेच्या ठराविक आकारमानात किती कण आहेत हे त्यावरून कळत नसे. जे. एम्. हर्स्ट यांनी १९५२ मध्ये रोथॅमस्टेड येथे तयार केलेल्या सापळ्याने ही उणीव दूर केली. त्यात मिनिटाला १० लिटर हवा ओढली जाते व काचपट्टी तासाला २ मिमी. सरकते. त्यामुळे दिवसातील कोणत्या तासाला किती कण हवेत होते हे कळते व त्या तासाच्या तापमानाशी, आर्द्रतेशी आणि वाऱ्याशी त्यांची तुलना करता येते.

हवामानाचे कार्य : परागकोशाची भित्ती वाळून आकसली म्हणजे तो उकलतो. म्हणून उबदार व कोरड्या हवेत पराग सुटतात; दमट किंवा ढगाळ हवेत त्यांची सुटका लांबते. तुतीच्या फुलात ही क्रिया स्फोटक असते. ताणलेले पुंकेसर एकदम सरळ होऊन पराग दूर फेकतात. सुटलेले कण स्थिर हवेत सेकंदाला काही सेंटिमीटर वेगाने खाली येतात. दुपारी तापलेल्या जमिनीवरून वर जाणारे प्रवाह त्यांना उचलून धरतात. याउलट, हिवाळ्याच्या रात्री दरीत थंड हवा साचून तापमानाचे व्युत्क्रमण झाले, तर पराग जमिनीजवळच कोंडले जातात. पाऊस हवा धुऊन काढतो. तथापि वादळी पावसापूर्वीच्या झोतांत परागकण फुटून त्यांतील सूक्ष्म कण थेट फुप्फुसात जाऊ शकतात. मेलबर्न येथे २१ नोव्हेंबर २०१६ रोजी गवतांच्या परागांमुळे असे घडले. हजारो लोकांना दम्याचा झटका आला व दहा जण दगावले.

महाराष्ट्रातील अभ्यास : यूरोपातील परागपंचांग महाराष्ट्राला लागू पडत नाही. तेथे वृक्षांचा बहर थंडी ओसरण्यावर अवलंबून असतो. येथे वर्षाचे विभाजन मोसमी पाऊस करतो. वावळ हा पानझडी वृक्ष हिवाळ्याच्या शेवटी निष्पर्ण असताना फुलतो. त्या वेळी हवा कोरडी असते व वाऱ्याला पानांचा अडथळा नसतो. त्याचे पराग भारतातील महत्त्वाच्या अधिहर्षताजनक परागांपैकी आहेत. गवतांचे पराग मात्र पावसाळ्याच्या अखेरीस वाढतात. नुसत्या अंतरावरूनही अंदाज बांधता येत नाही. महाबळेश्वरला वर्षाला सु. ६०० सेंमी. पाऊस पडतो, घाटाखालील, पर्जन्यछायेतील वाईला त्याचा लहानसा अंशच मिळतो. शिवाय झाड डोळ्यांत भरते म्हणून त्याचे पराग हवेत असतीलच असे नाही. पाचगणीचा सिल्व्हर ओक मुख्यतः पक्ष्यांमार्फत परागित होतो.

राज्यात या विषयाचा पाया औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे मराठवाडा विद्यापीठात एस्. टी. टिळक यांनी घातला. त्यांनी व आर्. एल्. कुलकर्णी यांनी १९७० मध्ये एक नवे हवानमुना उपकरण प्रसिद्ध केले. त्यात फिरत्या नळकांड्यावर लावलेल्या पारदर्शक फितीवर कण चिकटतात. भारतीय वायुजीवविज्ञान संस्था १९८० मध्ये स्थापन झाली.

सद्यःस्थिती व महत्त्व : उत्तर अमेरिकेतील ६० केंद्रांच्या १९९० ते २०१८ या काळातील नोंदींवरून तेथील परागऋतू सु. २० दिवस आधी सुरू होऊ लागल्याचे व परागांचे प्रमाण सु. २१ टक्क्यांनी वाढल्याचे २०२१ मध्ये दाखविण्यात आले. त्यामागे वाढते तापमान हे एक प्रमुख कारण आढळले. असा निष्कर्ष अनेक दशकांच्या सलग मोजणीवाचून काढता येत नाही. भारतातील सर्वेक्षणे बहुतांशी एकेका शहरापुरती व एकदोन वर्षांची आहेत. त्यांतून कोणता वृक्ष कोणत्या महिन्यात फुलतो हे समजते. परंतु बदलत्या पावसाबरोबर तो महिना सरकत आहे काय, याचे उत्तर मिळत नाही. दमेकऱ्याला आगाऊ सूचना देणे, रस्त्याकडेला कोणते वृक्ष लावावेत हे ठरविणे आणि औषधोपचाराची वेळ साधणे या तिन्ही गोष्टी या उत्तरावर अवलंबून आहेत. त्यासाठी कोकण, घाटमाथा, पर्जन्यछायेचा प्रदेश व विदर्भ अशा निरनिराळ्या हवामान विभागांत पर्जन्यमापनाप्रमाणेच परागमापनही नित्याचे होणे आवश्यक आहे.