पाच पौंडांचा सैतान

मंडळी, आज विषय जरा आडवाटेचा आहे, पण छापखाना आणि सरकार यांचाच आहे.

अमेरिकेत न्यू जर्सीचा सिम्फनी एक्स नावाचा बँड आहे. २००७ साली त्यांनी 'पॅरडाइज लॉस्ट' हा अल्बम काढला. दहा ट्रॅक, तासाभराचा ऐवज. प्रकार पॉवर मेटलचा: सुसाट गिटार, धडधडणारे ड्रम, मागे चर्चमध्ये असतो तसा कोरस. गिटार मायकेल रोमिओची, गळा रसेल ॲलनचा. (मी स्पीकरवर लावलं की घरचे दार ओढून घेतात.) कथा जॉन मिल्टनच्या महाकाव्यावरून सैलसर घेतलेली. देवाविरुद्ध बंड करून हरलेला सैतान ॲडम-ईव्हला भुलवतो आणि ते स्वर्गसुखाला मुकतात. मराठीला ही गोष्ट तशी जुनीच. थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण गोव्यात १६१६ला छापलं गेलं, मिल्टनच्या ५१ वर्षं आधी. त्यातही ॲडम-ईव्ह आहेत.

अल्बममध्ये सैतानाचा राग झकास उतरलाय. पण मिल्टनकडे तो कुठून आला, हे गाण्यांतून कळत नाही.

१६४३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने हुकूम काढला, परवान्याशिवाय काही छापायचं नाही. मिल्टनने पुढच्याच वर्षी 'ॲरिओपॅजिटिका' ही पुस्तिका काढून त्याला विरोध केला, तीही बिनपरवाना! डिप्लोमाला आम्हाला एवढंच शिकवलं. त्याच पुस्तिकेत कॅथलिकांना हे स्वातंत्र्य द्यायला तो तयार नव्हता, हे शिकवलं नाही. आणि पुढचंही नाही.

१६४९ला राजा पहिल्या चार्ल्सचं मुंडकं उडवलं गेलं. मिल्टनने त्याचं जाहीर समर्थन केलं आणि नव्या सरकारात परदेशी पत्रव्यवहाराचा सचिव झाला. १६५१मध्ये 'मर्क्युरिअस पॉलिटिकस' या सरकारी बाजूच्या वृत्तपत्राला परवाना देणारा म्हणून नाव लागलं कुणाचं? मिल्टनचंच. सत्तेत आपली माणसं आली की लेखणी कशी मऊ होते, याची उदाहरणं आपल्या जिल्ह्यातली तुम्हालाही आठवतील. नावं नको.

१६५२पर्यंत तो पूर्ण आंधळा झाला. १६६०ला राजेशाही परतली. त्याची पुस्तकं जल्लादाच्या हातून जाळली गेली, तो काही आठवडे तुरुंगात होता. मान वाचली, एवढंच. अशा माणसाने दहा हजारांहून जास्त ओळी दुसऱ्यांकडून लिहवून घेतल्या. काव्यात सैतान हरल्यावर नरकात सभा भरवतो, भाषणं होतात, ठराव होतो. हे लिहिणारा स्वतः हरलेल्या पक्षातला होता! मला जास्त चटका लावते ती वेगळीच गोष्ट. स्वातंत्र्याची सगळ्यात फर्डी भाषा त्याने एका खोटारड्याच्या तोंडी घातली. वाचकाने भुलावं आणि मग सावध व्हावं, असा त्याचा डाव असावा असं मला वाटतं. हेडफोनमध्ये आपण फक्त भुलतो.

आणि १६६७ला हे काव्य छापायलाही परवाना लागलाच. टॉमकिन्स नावाचा पाद्री तपासायला होता. ग्रहणामुळे राजे धास्तावतात अशा अर्थाच्या ओळींवर तो अडला, असं मिल्टनचा जुना चरित्रकार टोलंड सांगतो. शेवटी परवाना मिळाला. प्रकाशक सॅम्युअल सिमन्सने करार केला: आधी पाच पौंड, १३०० प्रती खपल्यावर आणखी पाच. ते दुसरे पाच मिल्टनला १६६९ला मिळाले.