सेजेस्टाचें अपुरें देऊळ

ग्रीक देवळें पाहावयाचीं म्हणजे अथेन्सलाच गेलें पाहिजे असा आपल्याकडील सुशिक्षितांचा समज असतो, आणि तो अगदींच खोटा नाहीं. परंतु ग्रीक लोक दक्षिण इटलींत व सिसिलींत वसाहती करून राहिले होते, आणि त्यांच्या वास्तुकलेचे कांहीं उत्तमोत्तम अवशेष आज तिकडेच उभे आहेत. सिसिलीच्या वायव्य भागांतील सेजेस्टाचें देऊळ त्यांपैकींच एक. तें ग्रीकांनीं स्वतःसाठीं बांधलेलें नाहीं, तें पुरें झालेलें नाहीं, आणि तें कोणत्या देवाचें हेंही कोणास ठाऊक नाहीं. तरीही तें एकदां डोळ्यांनीं पाहावें अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. तिचें कारण थोडेंसें खाजगी आहे.

बी. ए. च्या वर्गाला मी वीस-पंचवीस वर्षें ग्रीसचा इतिहास शिकवीत आलों. अथेन्सच्या सिसिलीवरील स्वारीचा भाग आला म्हणजे सेजेस्टाकरांची गोष्ट मी मोठ्या चवीनें सांगत असें. सेजेस्टाचें शेजारच्या सेलिनस या ग्रीक शहराशीं हाडवैर. सरहद्दीची जमीन आणि परस्परांतील विवाहसंबंधांचे हक्क यांवरून तंटा पेटला. सेलिनसच्या पाठीशीं बलाढ्य सिराक्यूज उभें राहिलें, तेव्हां सेजेस्टाकरांनीं अथेन्सकडे धांव घेतली व स्वारीचा खर्च आम्ही सोसूं असें वचन दिलें. खात्री करून घेण्यासाठीं अथेन्सनें आपले वकील पाठविले. सेजेस्टाकरांनीं त्यांस एरिक्सच्या डोंगरावरील अॅफ्रोडायटीच्या देवळांत नेऊन चांदीचीं भांडीं दाखविलीं. दिसावयास पुष्कळ, मोलानें बेताचीं. मग घरोघर मेजवान्या झडल्या. गांवांतले आणि आसपासच्या शहरांतून उसने आणलेले सोन्याचांदीचे पेले एका घरांतून दुसऱ्या घरांत फिरत होते. पाहुणे मात्र प्रत्येक यजमानाचें ऐश्वर्य पाहून दिपून जात होते. इ. स. पूर्वीं ४१५ च्या वसंतांत हे वकील ६० टॅलेंट चांदी घेऊन परतले. ६० लढाऊ गलबतांचा तो एका महिन्याचा पगार. आरमार निघालें, इटलीच्या किनाऱ्यास लागलें, आणि तेथें कळलें कीं सेजेस्टाच्या खजिन्यांत आणखी अवघे ३० टॅलेंट आहेत!

ही हकीकत थ्यूसिडिडीसनें दिली आहे. तिला मी पदरचें एक वाक्य जोडीत असें : तें प्रचंड देऊळही याच सोंगाचा भाग, वकिलांवर छाप पडावी म्हणून घाईनें उभारलें आणि काम साधतांच टाकून दिलें. ही कल्पना माझ्या डोक्यांतली नव्हे. हा तर्क पुष्कळांनीं केलेला आहे. वर्ग खो खो हंसे, तेवढ्यांत घंटा होई, आणि तास रंगला म्हणून मीही खूष होऊन बाहेर पडें.

पालेर्मोहून सकाळीं मोटारीनें निघालों. वसंत ऋतु असल्यामुळें टेंकड्या हिरव्या होत्या व रस्त्याच्या कडेला रानबडिशेप माजली होती. एका वळणावर देऊळ एकदम दिसलें. भोंवतीं गांव नाहीं, वस्ती नाहीं. एका टेंकडीच्या माथ्यावर, मागें खोल दरी टाकून, तें पिंगट रंगाचें उभें आहे. प्राचीन शहर समोरच्या डोंगरावर होतें. देऊळ त्याच्या तटाबाहेर.

दुरून तें संपूर्णच वाटतें. पुढें व मागें सहा-सहा, बाजूंस चौदा-चौदा, कोपऱ्यांतले दोनदां न मोजल्यास एकूण ३६ खांब. सारेच्या सारे उभे, वरच्या तुळ्यांसह आणि दोन्ही टोंकांच्या त्रिकोणी शिरोभागांसह. १७८१ सालीं थोडी डागडुजी झाली होती, एवढेंच. जोतें सुमारें ५८ मीटर लांब व २३ मीटर रुंद, खांबांची उंची नऊ मीटरांहून अधिक. जवळ गेल्यावर मात्र चुकल्यासारखें होतें. डोकीवर छप्पर नाहीं. आंत गाभारा नाहीं; गवत आहे. डोरिक खांबांवर ज्या उभ्या पन्हळी असावयाच्या त्या येथें एकाही खांबावर नाहींत. कांहीं ठिकाणीं तर दोन खांबांच्या मधले वरच्या पायरीचे चिरेच बसविलेले नाहींत.

आणि त्या पायऱ्यांच्या चिऱ्यांवर दगडाचे लहान लहान गड्डे पुढें आलेले आहेत. आपल्या कढईच्या कानांसारखे म्हटलें तरी चालेल. चिरा हलवितांना व जागेवर बसवितांना दोर अडकविण्यासाठीं पाथरवट ते मुद्दाम ठेवीत, आणि बांधकाम पुरें झाल्यावर छिन्नीनें उडवून टाकीत. पन्हळींचेंही तसेंच, खांबाच्या धारा फुटूं नयेत म्हणून त्या अगदीं शेवटीं कोरावयाच्या. पुऱ्या झालेल्या देवळांत या खुणा नाहींशा होतात. अजिंठ्याचें अपुरें राहिलेलें चोविसावें लेणें ज्यांनीं लक्षपूर्वक पाहिलें असेल, त्यांस मी काय म्हणतों तें चटकन् कळेल. जर्मन कवि गटे २० एप्रिल १७८७ रोजीं येथें आला होता. पुढें चार वर्षांनीं आपल्या शाकुंतलावर लुब्ध झालेला तोच हा गटे. कवि असूनहि त्याचें लक्ष या गड्ड्यांकडे गेलें, आणि देऊळ पडलेलें नसून पुरेंच झालें नव्हतें हें त्यानें लिहून ठेविलें.

त्या पायऱ्यांवर बसल्याबसल्या माझ्या जुन्या वाक्याचा मला संकोच वाटूं लागला. ज्यास चार दिवसांच्या पाहुण्यांपुढें देखावा करावयाचा तो मनुष्य दर्शनी भाग आधीं सजवील. पन्हळी कोरील, गड्डे काढील, रंग देईल. येथें सर्व उलट आहे. जोत्याची रेघ सरळ नसून मध्यें किंचित् उचललेली आहे. लांबून ती नजरेस सहसा जाणवणार नाहीं, पण तिच्यासाठीं चिरा न् चिरा मापून घडवावा लागतो. पार्थेनॉनच्या बांधणींतलीच ही करामत. गाभाऱ्याच्या पायाच्या खुणाही संशोधकांस आढळल्या आहेत. म्हणजे नुसता कोट उभारून थांबण्याचा बेत नव्हता. आणि मुख्य गोष्ट अशी कीं, थ्यूसिडिडीस पेल्यांची, धूपपात्रांची बारीकसारीक हकीकत देतो, एरिक्सच्या देवळाचें नांव घेतो, परंतु या देवळाविषयीं चकार शब्द काढीत नाहीं. जें त्यानें म्हटलें नाहीं तें मी त्याच्या नांवावर इतकीं वर्षें खपवीत होतों.

सेजेस्टाकर निर्दोष होते असें मला म्हणावयाचें नाहीं. त्यांच्या निमंत्रणावरून गेलेली अथेन्सची सेना इ. स. पूर्वीं ४१३ मध्यें सिराक्यूजपाशीं धुळीस मिळाली, आणि सात हजारांवर कैदी तेथील दगडांच्या खाणींत कोंडले गेले. अथेन्सचा अर्थात् स्वतःचाही लोभ होता. तो पेल्यांनीं निर्माण केला नाहीं. मग सेजेस्टानें कार्थेजला हांक मारली. ४०९ मध्यें कार्थेजच्या फौजेनें सेलिनस घेतलें. डायोडोरसच्या म्हणण्याप्रमाणें तेथें १६ हजार माणसें कापलीं गेलीं. वैरी नाहींसा झाला, आणि सेजेस्टा कार्थेजचें अंकित होऊन बसलें. या दहा-पंधरा वर्षांच्या धामधुमींत केव्हां तरी पाथरवटांनीं हत्यारें खालीं ठेविलीं असावींत. पुढें ३०७ मध्यें सिराक्यूजच्या अॅगॅथोक्लीसनें सेजेस्टाकरांचीच कत्तल केली आणि उजाड गांवाला 'न्यायनगर' अशा अर्थाचें नवें नांव ठेविलें.

हे लोक ग्रीक नव्हते; एलिमी नांवाच्या जातीचे होते. त्यांनीं ग्रीकांची लिपि घेतली, देवळाचा नमुना घेतला, पण आपला इतिहास लिहून ठेविला नाहीं. खापरांवर खरडलेले त्यांच्या भाषेंतले त्रोटक लेख सांपडले आहेत. अक्षरें वाचतां येतात, अर्थ फारसा लागत नाहीं. त्यांच्याविषयीं जें सांगितलें तें दुसऱ्यांनीं सांगितलें, आणि त्यांत उसने पेलेच सर्वांच्या ध्यानांत राहिले.

यंदा तो भाग पुन्हां शिकविण्यास आला. मीं पेल्यांची गोष्ट सांगितली. वर्ग नेहमींप्रमाणें हंसला. मग देवळासंबंधींचें माझें ठराविक वाक्य गाळून मीं फळ्यावर एक चिरा काढला, त्याला दोन कान काढले, आणि ते कशासाठीं असतील म्हणून मुलांस विचारलें. घंटा झाली तरी उत्तरें चाललींच होतीं.